शार्क आला हे किनाऱ्यावर कळतं कसं?

समुद्रात पोहणाऱ्यांना शार्कची सूचना वेळेत मिळावी म्हणून काही देशांत खास यंत्रणा उभ्या आहेत. जाळी लावली तर त्यात कासवं आणि डॉल्फिनही अडकून मरतात. म्हणून शार्क न मारता माणसांना सावध करण्यावर या यंत्रणांचा भर असतो.

डोंगरावरची नजर

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये २००४ पासून ‘शार्क स्पॉटर्स’ हा उपक्रम सुरू आहे. डोंगरावर बसलेला टेहळ्या दुर्बिणीतून पाणी न्याहाळतो. शार्क दिसला की तो वायरलेसवरून किनाऱ्यावर कळवतो, भोंगा वाजतो आणि शार्कचं चित्र असलेला पांढरा झेंडा चढतो. म्हणजे ताबडतोब बाहेर या. लाल झेंडा म्हणजे धोका वाढलाय, सावध राहा. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय, शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे शार्क दिसलेला नाही, पण पाणीही नीट दिसत नाही.

खुणेचा शार्क

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये शार्क पकडून त्याच्या अंगावर ध्वनिलहरी सोडणारं छोटं यंत्र बसवतात आणि त्याला पुन्हा समुद्रात सोडतात. असा शार्क किनाऱ्याजवळच्या तरंगत्या केंद्रापासून साधारण ५०० मीटरच्या आत आला की केंद्र त्याची नोंद घेतं आणि ‘शार्कस्मार्ट’ अ‍ॅपवर सूचना जाते. शिवाय अनेक किनाऱ्यांवर ड्रोन फिरतात.

मर्यादा कुठे?

यंत्र न बसवलेला शार्क केंद्राला ऐकूच येत नाही. गढूळ पाण्यात ड्रोनला काय किंवा टेहळ्याला काय, खालचं दिसत नाही. त्यामुळे भोंगा वाजला नाही म्हणजे शार्क नाही, असं समजायचं नाही. म्हणूनच पहाटे-संध्याकाळी, गढूळ पाण्यात किंवा माशांचे थवे असतील तिथे पोहू नका, असं तिथे सांगितलं जातं.

आपल्याकडे काय?

बेळगाव-खानापूरची मंडळी सुट्टीत गोवा गाठतात. तिथे खरी भीती शार्कची नाही, लाटा आणि आत ओढणाऱ्या प्रवाहाची आहे. तिथला लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरूच नका. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, जीवरक्षकाच्या नजरेसमोर. झेंड्यांचे अर्थ देशोदेशी बदलतात, म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी जीवरक्षकाला विचारून घ्यावं.