खोताची कणगी आणि कुळाचे बियाणे

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा सापडतात, सारावसुलीचे आकडे सापडतात. पण पेरणीच्या दिवशी कुळाच्या घरात बियाणे होते की नव्हते, याची नोंद सहसा सापडत नाही. मी मांडवीत राहते आणि महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून या प्रश्नाचा पहिला पुरावा मला कागदात मिळाला नाही, आजीच्या बोलण्यात मिळाला.

आजी सांगे, रोहिणी नक्षत्र लागले की तिचे वडील रिकामी टोपली घेऊन गावच्या खोताच्या अंगणात उभे राहत. ओटीवर चढण्याची मुभा नव्हती. भात वरून टोपलीत ओतले जाई. एक मण घेतले की झोडणीनंतर दीड मण घालायचे. याला दिढी म्हणत. आजीला लिहिता येत नव्हते. पण मणाला अर्धा मण व्याज चार-पाच महिन्यांत कसे चढते, हे तिला पाठ होते.

ही दिढी समजून घ्यायची तर खोती समजून घेतली पाहिजे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करी. १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या या स्थानाला कायद्याचे अधिष्ठान दिले. भातजमिनीत निम्मे पीक खोताचे, ते अर्धेल. वरकस जमिनीत तिसरा हिस्सा, तो तिर्धेल. खळ्यावरच निम्मे भात गेले, उरलेल्यातून मागची दिढी फिटली, मग जे राहिले त्यावर घर चालवायचे. ते आषाढापर्यंत पुरणार कसे? घरात बियाण्याचा मुडा बांधलेला असला तरी पोर उपाशी रडत असताना तो किती दिवस बांधलेला राहणार?

यावर खोतवर्गाचे ठरलेले उत्तर असे : कूळ आळशी आहे, बियाणे खाऊन बसते. कूळ बियाणे खात होते, हे खरेच आहे. पण बियाणे राखून ठेवणे हा सद्गुणाचा प्रश्न नसून पोट भरलेले असण्याचा प्रश्न आहे. ज्याच्या कणगीत वर्षभराचे धान्य, त्याच्याच घरी बियाणे उरते. आणि ज्याच्या घरी बियाणे उरते, त्याच्या दाराशी पुढच्या वर्षी इतरांना उभे राहावे लागते. जमिनीची मालकी माणसाला एकदा बांधते. बियाण्याचे कर्ज त्याला दरवर्षी नव्याने बांधते.

यात आणखी एक नुकसान होते. भात स्वपरागित पीक आहे. चांगल्या शेतातील निवडक लोंब्यांचे बी राखले, तर तोच वाण काही वर्षे शुद्ध राहतो. ही निवड आमच्या बायका करीत आल्या. कोणती लोंबी भरली, कोणता दाणा पोचट, कोणते भात लवकर येते, हे त्यांच्या बोटांना कळे. पण उसन्या बियाण्यात निवड कसली? कणगीच्या तळाचे, चार वाणांचे मिसळलेले जे पदरात पडेल ते पेरायचे. मग तरवा विरळ, पीक एकसारखे पिकत नाही, उतारा कमी. आणि उतारा कमी म्हणजे दिढी पुन्हा अपुरी. गरिबी आणि निकृष्ट बियाणे एकमेकांना असे पोसत राहतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात याचे मर्म सांगितले होते. शेत किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही; भांडवल आणि साधने यांचे त्याच्याशी असलेले प्रमाण पाहावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बियाणे हे तर शेतीचे पहिले भांडवल. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी तर १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसता संप चालविला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला.

खोत कागदावरून गेला. बियाण्याचा प्रश्न गेला का?

मधल्या काळात विज्ञान पुढे गेले होते. कर्जत येथे १९१९ पासून भाताचे संशोधन चालू होते. कोळंबा, झिण्या, पटणी अशा शेतकऱ्यांच्याच जुन्या वाणांतून निवड करून सुधारित बियाणे तयार झाले. म्हणजे कच्चा माल आमच्याच पूर्वजांच्या शेतातला होता. १९६६ साली आय. आर. ८ आले, त्याच वर्षी बियाणे कायदा झाला. १९७२ साली दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि १९७६ साली अकोल्यात महाबीज स्थापन झाले. मांडवीहून फार दूर नसलेल्या शिरगावच्या केंद्राने रत्नागिरी १, रत्नागिरी २४ असे वाण दिले. हे काम मोठे आहे. पण पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्या उतरत बियाणे ज्याच्या हाती येते, त्याला अनुदानासाठी सातबारा दाखवावा लागतो. अर्धेलीने कसणाऱ्याने तो कोठून आणावा? नवऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या बाईने कोठून आणावा?

आणि आमच्यातील एखाद्याने स्वतःच वाण निर्माण केला तर काय होते? चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे दलित शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास पटेल ३ या भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेचून, वर्षामागून वर्षे निवडून त्यांनी बारीक दाण्याचा नवा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून लोकांनी त्याला एच. एम. टी. म्हटले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ साली पी. के. व्ही.-एच. एम. टी. या नावाने वाण प्रसारित केला. आपण शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजींचे नाव वाणाला लागले नाही. पुरस्कार उशिरा आले, दारिद्र्य गेले नाही; ३ जून २०१८ रोजी ते वारले. त्यांचा तांदूळ मात्र आजही ताटात आहे. खळ्यावर निम्मे भात नेणारी व्यवस्था आणि लोंबी निवडणाऱ्याचे नाव पुसणारी व्यवस्था यांत नाते नाही, असे कोण म्हणेल?

हा प्रश्न कोकणापुरता नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आजही लहान शेतकऱ्याचे बहुतेक बियाणे घरातून, शेजाऱ्याकडून किंवा गावच्या बाजारातून येते. सिएरा लिओनचे मॉन्टी जोन्स यांनी आशियाई आणि आफ्रिकी भाताच्या संकरातून १९९० च्या दशकात नेरिका वाण घडविले; २००४ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण वाण तयार होऊनही बियाणे पुरेसे पोहोचेना. तेव्हा गावातील शेतकऱ्यांनाच चांगले बी वाढविण्यास शिकविण्याची वाट धरावी लागली.

आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला आहे. तो वापरायचा तर प्रत्येक वाडीत बियाण्याची सामाईक कोठी हवी. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगते काढावे, तळाचे धुऊन सुकवावे : एवढी परीक्षा कोणतीही बाई घरी करू शकते. मणाला मणच परत घ्यावा, आणि हिशेबाची वही बायकांच्या हाती असावी.

अशा कोठीपुढे कोणी अंगणात उभे राहणार नाही. तिची दोन दारे असू नयेत. आजीच्या वडिलांच्या रिकाम्या टोपलीचे देणे आपल्यावर आहे. ते दिढीने नव्हे, हक्काने फेडायचे आहे.