ख्रिस्ती सहसंवेदना आणि निर्वासितांचा आश्रय : ल शांबों गावाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४०-१९४४)

प्रस्तावना :
परक्या माणसाला आसरा देणे ही ख्रिस्ती धर्माची प्रमुख शिकवण मानली जाते. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वंशावरून दिलेले नसून कृतीवरून दिलेले आहे. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातील बहुसंख्य ख्रिस्ती समाजाने ज्यू निर्वासितांच्या बाबतीत ही शिकवण आचरणात आणली नाही. या पार्श्वभूमीवर दक्षिण फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गावाचे उदाहरण विशेष लक्षणीय ठरते. तेथील सहसंवेदना कशातून निर्माण झाली आणि ती कृतीत कशी उतरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छळाची स्मृती :
कॅथलिक बहुसंख्य असलेल्या फ्रान्समध्ये हे पठार प्रोटेस्टंटांचे होते. इ.स. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नान्तचा आदेश रद्द केला व प्रोटेस्टंट उपासना बेकायदेशीर ठरली. इ.स. १७८७ च्या सहिष्णुता आदेशापर्यंत, म्हणजे सुमारे एक शतक, या लोकांनी रानावनात गुप्तपणे उपासना केली आणि आपल्या पाळकांना घराघरांतून लपविले. शासनाचा कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी यांत विरोध उद्भवू शकतो, हा धडा त्यांना पूर्वजांकडूनच मिळालेला होता.

आश्रयकार्याचे स्वरूप :
दि. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी युद्धविराम केला. दुसऱ्याच दिवशी पाळक आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेस यांनी अन्यायाचा प्रतिकार आत्मिक शस्त्रांनी करण्याचे आवाहन उपासकांना केले. ऑक्टोबर १९४० मध्ये व्हिशी सरकारने ज्यूविरोधी कायदे केले व परदेशी ज्यूंना छावण्यांत डांबण्याची तरतूद केली. त्यानंतरच्या काळात गावातील प्रत्येकानेच दार उघडले असे नाही. त्रोक्मे यांच्या पत्नी माग्दा यांनी एका ज्यू स्त्रीला घरात घेतले, तेव्हा तिला गावाबाहेर पाठवावे असे खुद्द गावच्या मेयरने सुचविले होते.

अशा विरोधामुळे केवळ दयेवर विसंबून भागणार नव्हते. क्वेकर, स्विस व फ्रेंच प्रोटेस्टंट संस्थांच्या साहाय्याने मुलांसाठी वसतिगृहे उघडण्यात आली. मुलांना शाळेत प्रवेश मिळाला, शेतकऱ्यांनी आपल्या घरांत जागा दिली, बनावट ओळखपत्रे तयार झाली आणि काहींना स्वित्झर्लंडच्या सीमेपार पोहोचविण्यात आले. जुन्या करारातील शरणपुरांची कल्पना येथे प्रत्यक्षात आली. आश्रयाच्या मोबदल्यात धर्मांतराची अट घालण्यात आली नाही, ही बाब महत्त्वाची होय.

या कार्याची किंमत :
ऑगस्ट १९४२ मध्ये पोलिसांनी ज्यूंची माहिती मागितली असता त्रोक्मे यांनी ती देण्यास नकार दिला. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना, तेस यांना व शाळाप्रमुख रोजे दार्सिसाक यांना अटक होऊन सुमारे महिनाभर स्थानबद्धता भोगावी लागली. जून १९४३ मध्ये एका वसतिगृहावर जर्मनांनी धाड घातली. तेथील विद्यार्थ्यांसह पकडलेले दानिएल त्रोक्मे एप्रिल १९४४ मध्ये मायदानेक छावणीत मृत्यू पावले. डॉ. रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये लियोंजवळ ठार करण्यात आले.

निष्कर्ष :
या पठारावर सुमारे ५,००० निर्वासितांना आश्रय मिळाला, असे दीर्घकाळ सांगितले गेले. काही संशोधकांना हा आकडा अधिक वाटतो. संख्येबाबत मतभेद असले तरी घटनेचे महत्त्व कमी होत नाही. इ.स. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने संपूर्ण परिसरातील रहिवाशांचा गौरव केला. सहसंवेदना ही केवळ मनाची कोमलता नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. स्वतः भोगलेल्या छळाची स्मृती, तिला दिशा देणारी श्रद्धा आणि दैनंदिन व्यवस्था या तिन्हींचा मेळ जमल्यामुळेच ती टिकली. स्मृती तर युरोपातील इतर अनेक समाजांजवळही होती. तथापि तिचा उपयोग पुष्कळदा आपल्याच लोकांपुरता झाला. ल शांबोंने ती परक्यांच्या उपयोगी आणली, यातच या गावाचे ऐतिहासिक वेगळेपण आहे.