रिपोर्टातला 84 आणि धारवाडचे कामत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. मुलं झोपल्यावर चहा घेऊन निवांत वाचा.

गेल्या महिन्यात इथे कुसैसमध्ये लेकीच्या शाळेत पालकसभा होती. ती चौथीत आहे. बाईंनी क्षमता-चाचणीचा रिपोर्ट पुढे सरकवला. आकृत्यांमध्ये 117, भाषेत 84. सरासरी 100. बाई चांगल्या शब्दांत बोलल्या, पण लेक शेजारीच बसली होती. परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "आई, मी ढ आहे का गं?"

मी सीए. आर्टिकलशिपपासूनची सवय अशी की टक्केवारी दिसली की आधी छेद बघायचा. कशाच्या शंभर टक्के? बुद्ध्यांक हा मुळात असाच भागाकार होता: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आज हिशोबाची पद्धत बदलली आहे, पण आकडा अजूनही कुणाशी तरी तुलना करूनच येतो. ते 'कुणाशी' शोधायला बसले आणि थेट 1905 च्या पॅरिसमध्ये पोचले.

तिथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी पहिली चाचणी केली. हेतू साधा होता. शाळेत मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं ओळखायची. 1908 च्या सुधारित चाचणीत नऊ वर्षांच्या मुलाला वीस सूंची मोड देता येते का, हे विचारत. सू म्हणजे फ्रान्सचं चिल्लर नाणं. पॅरिसच्या मुलाला हा प्रश्न रोजचा. पण हीच चाचणी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि हेन्री गॉडर्ड यांनी ती न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या लोकांवर वापरली. 1913 मधल्या त्यांच्या पाहणीत दर पाचांतले साधारण चार जण 'मंदबुद्धी' ठरले. ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन, सगळेच! त्याआधीच्या एका फेरीत दुभाष्याने सांगितलं होतं की मी या देशात आलो तेव्हा मलासुद्धा हे जमलं नसतं. ऐकणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आपण सगळे कधी ना कधी विमानतळावर उतरलेले लोक. त्या दुभाष्याच्या जागी मला मीच दिसले.

आता आपल्याकडे या. 1922 मध्ये लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजच्या हर्बर्ट राइस यांनी बिनेची चाचणी हिंदुस्थानीत आणली. आणि मराठी मुलांसाठी? ते काम धारवाडला झालं. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची चाचणी नव्याने बसवली. 1934 मध्ये त्यांचा लेख ब्रिटनच्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, 1940 मध्ये 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे पुस्तक. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. दोन्ही भाषा एकाच गावात नांदत होत्या. (त्यावरून पुढे काय काय झालं, तो विषय इथे नको!)

तुम्ही म्हणाल, त्यात काय, प्रश्नांचं भाषांतर करायचं. करून बघा. इंग्रजीतलं 'काइंड' चार वर्षांचं पोर बोलतं. मराठीतलं 'दयाळू' फक्त गोष्टीतल्या राजाला लावतात. शब्द बरोबर, पण काठिण्य बदललं. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून, कोणत्या वयाला बहुतेकांना येतो ते मोजून, परत जागेवर बसवावा लागतो. नुसतं भाषांतर म्हणजे जुन्या दराने परकीय चलन बदलून ताळेबंद जुळवणं. बेरीज येते, पण खोटी.

दुसरा धागा नागपूरचा. तिथे ए. जे. मालिन यांनी 1960 च्या दशकात दोन कामं केली. वेक्सलर यांच्या मुलांच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप, आणि 'व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी'चं नागपुरी रूप. ही दुसरी मला जास्त आवडली, कारण त्यात प्रश्न आईला विचारतात. मूल स्वतः जेवतं का, किरकोळ खरेदी करतं का, एकटं शाळेत जातं का. मूळ श्रेणी एडगर डॉल यांनी 1935 मध्ये अमेरिकेतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत केली. गॉडर्डही आधी तिथेच होते, हा योगायोग बघा.

आता हेच प्रश्न माझ्या लेकीला लावा. सांगलीतला तिचा मावसभाऊ आठव्या वर्षी सायकलवर दुकानात जाऊन कोथिंबीर आणि उरलेले पैसे आणायचा. ही दहा वर्षांची. शाळेत बसने जाते, एकटीने रस्ता ओलांडलेला नाही. खालच्या बकाल्यात फोन केला की पोरगा खुबूस आणि दूध दारात आणून देतो. सुट्टे पैसे तिने हातात फारसे धरलेलेच नाहीत, सगळं कार्डावर. मग ती कमी परिपक्व का? पण तीच शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरी मराठी बोलते आणि अरबी वाचते. त्याचा रकाना त्या श्रेणीत कुठे आहे?

कामतांच्या चाचणीतही ती आता बसणार नाही, हेही खरं. तिची मराठी घरापुरती, आणि त्या चाचणीची मोजमापं धारवाडच्या नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवरची. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये अमेरिकेची आकडेवारी मांडली तेव्हा दिसलं की दर दशकाला सरासरी तीनेक गुणांनी वर सरकते. म्हणजे जुनी पट्टी लावली तर मूल उगाच हुशार दिसतं. भारतात बिने-कामत अजूनही वापरात आहे. सुट्टीत गावी जाऊन मुलांची चाचणी करून घेणाऱ्यांनी कोणती आवृत्ती, कोणत्या सालची मोजमापं, हे जरूर विचारा.

एक खटला मात्र आपल्या कामाचा आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन घरांतल्या नऊ मुलांना इंग्रजीतल्या चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात घातलं होतं. परत स्पॅनिशमध्ये तपासलं तर बहुतेकांचे आकडे त्या मर्यादेच्या वर गेले. 1970 मध्ये तडजोड झाली: मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतही तपासायचं. 'डायना' खटला म्हणून तो ओळखला जातो.

हे सगळं वाचून मी तावातावाने शाळेच्या समुपदेशिकेकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. 84 खोटा नाही, म्हणाल्या. परीक्षा इंग्रजीतच आहेत, वाचन वाढवावं लागेल. हे मला पटलं. तिची बुद्धी कमी आहे असं तो आकडा म्हणत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. मग मी विचारलं, घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचा रिपोर्ट तुम्ही वेगळा वाचता का? हो, म्हणाल्या, तशी नोंद असेल तर. आणि फाइल उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

प्रथम भाषा: इंग्रजी.

प्रवेशाचा फॉर्म मीच भरला होता. केजीच्या वेळी. सीट मिळणार नाही या भीतीने.

घरी येऊन लेकीला ते जसंच्या तसं सांगितलं. "म्हणजे तू चुकीचं लिहिलंस?" हो. "मग खोडून परत लिही ना." रात्री शाळेला मेल पाठवली.