वास आपला, नाव कुणाचं?



आज आम्ही एक डबी समोर ठेवून बोलतोय. डबीत उटणं आहे, आमच्याच गटानं केलेलं. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, वाळलेल्या गुलाबपाकळ्या, संत्र्याची साल. उन्हात वाळवायचं, गिरणीतून दळून आणायचं, वस्त्रगाळ करायचं. चार वर्षं आम्ही हे उटणं पोत्यात भरून किलोवर एका व्यापाऱ्याला देत होतो. पैसे रोख मिळायचे, म्हणून खूशही होतो.

मागच्या दिवाळीआधी आमच्यातल्या दोघी शहरात खरेदीला गेल्या. एका दुकानात सुंदर रंगीत डब्या मांडलेल्या होत्या, नमुन्याची एक डबी उघडी होती. वास घेतला आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. वास आमचाच! डबीवर नाव भलत्याचंच आणि किंमत आम्हाला मिळायची त्याच्या कितीतरी पट.

पुढच्या बैठकीत मोठा गोंधळ झाला. कुणी म्हणे फसवलं, कुणी म्हणे यापुढे त्याला माल देऊ नका. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "त्यानं काय फसवलं? ठरलेले पैसे दिले. पोत्यावर आपण कुठं नाव लिहिलं होतं?"

त्या प्रश्नावर सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही जरा मागं जाऊन शोधायचं ठरवलं. वास ओळखणाऱ्या, वास तयार करणाऱ्या बाया आधी कोण होत्या? त्यांची नावं कुठं राहिली आणि कुठं पुसली गेली? पुस्तकं मिळवली, एकमेकींना वाचून दाखवली. त्यातलंच थोडं आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दोघींपासून करू. अज्ञातवासात द्रौपदी विराट राजाच्या घरी सैरंध्री होऊन राहिली. सैरंध्री म्हणजे राणीची वेणीफणी करणारी, उटणी-लेप तयार करणारी दासी. महाभारतात ती भीमाला आपले हात दाखवते, चंदन उगाळून उगाळून हाताला घट्टे पडलेत म्हणून. दुसरी मथुरेची कुब्जा. कंसासाठी अंगाला लावायचे सुगंधी लेप तीच करायची, आणि तेच तिनं कृष्णाला लावले. कीर्तनात ही गोष्ट आपण कितीदा ऐकली असेल. पण बघा, एवढ्या गुणी बाईला लोक ओळखतात ते तिच्या पाठीच्या कुबडावरून. तिच्या हातातल्या कसबावरून तिला नाव पडलं नाही.

या झाल्या पुराणातल्या गोष्टी. आता लिहून ठेवलेला पुरावा बघू. आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी अश्शूर नावाचं प्राचीन शहर होतं. तिथले लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं खुणा उमटवून लिहीत. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या अशा एका पाटीवर राजासाठी सुगंधी तेल कसं करायचं, याची कृती आहे. वासाची झाडपाल्याची द्रव्यं पाण्यात भिजत घालायची, कापडातून गाळायची, तेल घालून तापवायचं, ढवळायचं, पुन्हा नवी द्रव्यं घालायची. हे काम दिवसेंदिवस चालायचं. त्या काळच्या द्रव्यांत हिराबोळ आहे, नागरमोथ्याच्या कुळातलं गवतही आहे. नागरमोथा म्हटल्यावर आम्हाला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि ही कृती कुणाची, तेही पाटीवर लिहिलंय. तप्पुती, सुगंध करणारी बाई. तिच्या नावाला जोडून 'बेलत-एकल्ले' असं येतं, म्हणजे राजवाड्याची बाईसाहेब. राजवाड्यातल्या या कामावर तिची देखरेख असावी, असं अभ्यासक मानतात. तिचं तेल केव्हाच उडून गेलं, राजवाडाही पडला. पण कृतीसोबत नाव लिहिलं होतं, म्हणून आज आपल्या गावातल्या रेडिओवर तिचं नाव घेता येतंय.

आपल्या देशातही हे शास्त्र फार जुनं. त्याला गंधयुक्ती म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' लिहिली. त्यात ग्रह-नक्षत्रं, पाऊस, घरबांधणी यांच्याबरोबर गंधयुक्तीवर एक आख्खा अध्याय आहे. त्यात एक गणित आहे. सोळा सुगंधी द्रव्यं घेतली आणि दर वेळी त्यातली चार वेगवेगळी निवडली, तर किती मिश्रणं होतील? उत्तर दिलंय, १८२०. आणि ही झाली नुसती निवड. कशाचं प्रमाण एक भाग, कशाचं दोन भाग, ते बदललं की वास पुन्हा बदलतो. म्हणजे सात वस्तूंचं आमचं उटणं आणि शेजारच्या गावच्या गटाचं सात वस्तूंचं उटणं अगदी वेगळ्या वासाचं असू शकतं. गंमत प्रमाणात आहे. आणि प्रमाण आमच्या गटात फक्त काकूंच्या मुठीत होतं.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-सोलापूरच्या सीमेपलीकडं. त्यात राजानं कोणत्या ऋतूत अंगाला कोणता लेप लावावा, तेही सांगितलंय. आपण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो आणि दिवाळीच्या थंडीत तेल-उटणं लावतो, त्यामागचा विचार हाच.

आणखी एक गोष्ट वाचून तर आम्हाला फारच आनंद झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे नावाचे मोठे संशोधक होते. सुगंधाच्या जुन्या पोथ्यांचा त्यांनी अभ्यास केला. त्यात गंगाधर नावाच्या पंडिताचा 'गंधसार' होता, आणि 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ होता. या गंधवादावर मराठीत टीका आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत वासाचं शास्त्र समजावून सांगत होतं! मात्र गंधवाद कुणी रचला, ते नाव आज कुणालाच ठाऊक नाही.

गंधसारात द्रव्यांवर करायच्या सहा क्रिया सांगितल्यात. भावन म्हणजे चूर्णाला रसाची भावना देणं, पाचन म्हणजे शिजवणं, मग बोध, वेध, धूपन म्हणजे धुरी देणं, आणि वासन म्हणजे फुलांचा वास मुरवणं. यातल्या दोन-तीन तर आपल्या घरातच आहेत. बाळंतिणीला आणि बाळाला धुरी देतो, ते धूपन. आजी लुगड्यांच्या ट्रंकेत केवड्याचं पान नाहीतर बकुळीची फुलं ठेवायची, ते वासन. आपण करत होतो, पण त्याला शास्त्र म्हणतात हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गोष्ट. गुलाबाचं अत्तर कुणी शोधलं म्हटलं की पुष्कळ जण नूरजहाँचं नाव सांगतात. पण खुद्द जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत वेगळं लिहून ठेवलंय. तो सांगतो की हे काम नूरजहाँच्या आईचं. त्यांचं नाव अस्मत बेगम. त्या गुलाबपाणी करत होत्या. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतलं की वर एक पातळ साय धरायची. दुसरी कुणी असती तर पुसून टाकली असती. अस्मत बेगमांनी ती थोडी थोडी करून जमवली. तिचा एक थेंब तळहाताला चोळला तरी सगळी बैठक दरवळायची, असं बादशहा लिहितो. त्यानं खूश होऊन त्यांना मोत्यांचा सर दिला. अकबराच्या बेगम सलीमा सुलतान तिथं होत्या, त्यांनी या अत्तराचं बारसं केलं. नाव ठेवलं 'इत्र-ए-जहांगिरी'.

म्हणजे बघा, शोध आईचा, नाव जावयाचं, आणि लोकांच्या तोंडी राहिली लेक. आग्ऱ्याला इतमाद-उद-दौलाचा मकबरा आहे, तिथं अस्मत बेगम पतीशेजारी चिरनिद्रा घेतायत. त्या मकबऱ्यालाही पतीचंच नाव. आमच्यातली एक जण म्हणाली, "मोती मिळाले हे चांगलंच. पण मोती तर आपल्यालाही मिळत होते, किलोवर."

ही साय इतकी मोलाची का, तेही समजून घेऊ. फुलात तेल असतं ते अगदी नावापुरतं. एक किलो गुलाबतेलासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही जुन्या पद्धतीनं अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या देगीत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात. खाली शेण्या-लाकडांचा जाळ. बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. त्यात चंदनाचं तेल असतं, आणि भपका गार पाण्यात बसवलेला असतो. वाफ तिथं थंड होते आणि फुलाचा वास चंदनात मुरतो. जाळ किती ठेवायचा आणि भपका किती तापला, हे तिथले कारागीर हात लावून ओळखतात. भाकरीचा तवा तापला का ते आपण ओळखतो, तसंच.

कनौजला भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात, पहिल्या पावसाच्या वासाचं. या वासामागं काय आहे, याचा शोध १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यातल्या एक होत्या इझाबेल जॉय बेअर, दुसरे रिचर्ड थॉमस. त्यांनी त्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, आणि उत्तर प्रदेशातल्या या मातीच्या अत्तराची दखलही घेतली. बेअरबाईंचं नाव शोधनिबंधावर छापलं गेलं, म्हणून ते राहिलं. मातीचं अत्तर पहिल्यांदा ज्यानं किंवा जिनं काढलं, ते नाव मात्र कुठंच सापडत नाही.

आता आपल्या शेतातल्या एका फुलाची परदेशातली गोष्ट. निशिगंध, म्हणजे गुलछडी. आपल्याकडं बाजारात ती किलोवर जाते, हारात ओवली जाते. फ्रान्समध्ये जर्मेन सेलिए नावाच्या बाई होत्या, जन्म १९०९ चा. रसायनशास्त्र शिकलेल्या. त्या काळी तिथं सुगंध रचणं हे पुरुषांचंच काम मानलं जाई. सेलिएबाईंनी १९४८ साली निशिगंधाच्या वासाभोवती एक अत्तर रचलं, 'फ्राका'. ते फार गाजलं, आजही त्याचं नाव निघतं. पण बाटलीवर नाव होतं कपड्यांच्या एका प्रसिद्ध पेढीच्या मालकाचं. सेलिएबाईंचं नाव जाणकारांनाच ठाऊक.

अलीकडं मात्र काही बाया स्वतःच्या नावानं उभ्या राहिल्यात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मँडी आफ्टेल आहेत. पूर्वी त्या लोकांच्या मनाच्या अडचणी ऐकून समुपदेशन करायच्या. मग जुनी पुस्तकं जमवून, वाचून, नाकानं शिकत त्या सुगंधाकडं वळल्या. कारखान्यातली रसायनं न वापरता फुलं, मुळं, साली, डिंक यांतून त्या अत्तरं करतात, आणि बाटलीवर स्वतःचं नाव घालतात. घराशेजारी त्यांनी वासांचं छोटं संग्रहालयही केलंय.

हे सगळं वाचल्यावर आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो.

पहिलं म्हणजे एक जाड वही आणली. काकूंना मूठ मूठ घालायला सांगितलं आणि प्रत्येक मूठ काट्यावर तोलली. प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलं आणि त्याखाली काकूंचं नाव. काकू लाजल्या, म्हणाल्या, हे तर माझ्या सासूबाईंचं. मग सासूबाईंचंही नाव लिहिलं.

दुसरं, नाकाचा अभ्यास. दर बैठकीत दहा मिनिटं डोळे मिटून वास ओळखतो. नवा वाळा की जुना, कचोरा ओलसर राहिलाय का. आता मालातली भेसळ पटकन कळते.

तिसरं, कागदपत्रं. अंगाला लावायची वस्तू आपल्या नावानं विकायची तर उत्पादनाचा परवाना लागतो, नुसती चिठ्ठी चिकटवून चालत नाही. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आमच्या फेऱ्या चालू आहेत. तोवर आम्ही व्यापाऱ्याला माल देणं बंद केलंय. या दिवाळीला प्रत्येकीच्या हातात पैसे कमी येतील. दोघींना ते पटलं नाही, त्या गटातून बाहेर पडल्या. त्यांची अडचणही खरी आहे. घर चालवायचं असतं. आम्ही त्यांची नावं वहीतून खोडली नाहीत. गुलाबपाकळी सावलीत वाळवायची, हे त्यांच्यातल्याच एकीनं आम्हाला शिकवलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखादी अशी बाई असेल. शिकेकाईत काय मिसळायचं ते जाणणारी, धुपाची कृती तोंडपाठ असलेली, तेलात कोणतं फूल किती दिवस ठेवायचं ते सांगणारी. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. वही आणि वजनकाटा घेऊन बसा. कृती लिहून झाली की वर तारीख घाला आणि खाली तिचं पूर्ण नाव लिहा. पुढच्या वेळी त्यातली एखादी कृती आपण इथं वाचू, तिच्या नावासकट.

नमस्कार.