कुत्र्याचें नख : एका रोगाची हकीकत



मंगरूळपीरला आमच्या घरीं मोत्या नांवाचा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा आहे. तो पांच वर्षांचा असतांना एके सकाळीं त्याच्या पुढल्या पायाचें एक नख ओट्यावर पडलेलें सांपडलें. शेजारीं रक्ताचे दोन थेंब होते. “दगडांत अडकलें असेल,” असें घरांतून उत्तर मिळालें, आणि मलाही तें पटलें. पंधरा दिवसांनीं दुसरें नख गेलें, मग मागल्या पायाचीं दोन गेलीं. दोन-अडीच महिन्यांत चारी पायांचीं बहुतेक नखें गळालीं किंवा मुळाशीं हलूं लागलीं. बिचारा रात्रभर पाय चाटीत बसे. एका ठिकाणीं आम्हांला बुरशीचें औषध मिळालें. दुसऱ्या ठिकाणीं सल्ला मिळाला कीं, “सगळीं नखें बोटांच्या शेवटल्या पेरासकट काढून टाका, नाहींतर इंजेक्शन देऊन त्याला मोकळें करा.” त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

पुढें अकोल्याच्या एका पशुवैद्यानें त्याचे चारी पंजे नीट पाहिले आणि रोगाचें नांव सांगितलें. तें नांव इतकें लांबलचक होतें कीं, मला कागदावर लिहून घ्यावें लागलें: सिमेट्रिकल ल्यूपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. वैद्यक मला काय कळणार? पण मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, तेव्हां औषधाबरोबर त्या नांवाचा इतिहासही मी शोधूं लागलों. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

नखाचा रोग आपल्या लोकांना अपरिचित नव्हता. सुश्रुतानें क्षुद्ररोगांमध्यें चिप्प आणि कुनख असे दोन नखविकार वर्णिले आहेत. आघातामुळें नख काळें, खरखरीत आणि कठीण होतें, तें कुनख. म्हणजे आमच्या घरचें निदान आणि सुश्रुताचें निदान एकच ठरलें! पण हें सारें माणसाच्या नखाविषयीं. घोड्यासाठीं शालिहोत्र होता, हत्तीसाठीं पालकाप्य होता. कुत्र्याच्या वांट्याला त्या तोलाचा आचार्य आला नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यांत कुत्र्यांवर एक प्रकरण आहे खरें, पण तें राजाच्या करमणुकींत मोडतें. मायेची मात्र उणीव नव्हती. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीला आजही दाखवितात. पालखीचा मान मिळालेल्या त्या खंड्याचीं नखें गळालीं असतीं, तर छत्रपतींच्या दरबारांतील कोणता वैद्य त्याला उपयोगी पडला असता, असा विचार मनांत येतो.

१८८६ सालीं परळला मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. त्या काळीं गाडी घोड्याची आणि नांगर बैलाचा, त्यामुळें वैद्याचें लक्ष साहजिकच त्यांच्याकडे अधिक. आमच्या वऱ्हाडांत सरकारी पशुचिकित्सालयाला लोक अजून ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात, त्यांत सगळें आलें.

परंतु सारा दोष उपेक्षेवर टाकणें बरोबर होणार नाहीं. हा रोग ओळखण्यास लागणारी कल्पनाच त्या वेळीं जगांत नव्हती. शरीराची संरक्षक शक्ति बाहेरच्या जंतूंशीं लढते, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळूं लागलें होतें. ती आपल्याच अंगावर उलटणार नाहीं, असें पॉल एर्लिख या जर्मन पंडितानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मांडलें आणि त्याचा दबदबा पुष्कळ वर्षें टिकला. मग १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हारग्रेव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ल्यूपस रोगाच्या रुग्णांत एक विशिष्ट पेशी दाखविली आणि त्या रोगाच्या अभ्यासाला नवें वळण लागलें. १९६५ सालीं लुईस, श्वार्ट्झ आदि संशोधकांनीं हाच रोग कुत्र्यांतही होतो असें प्रसिद्ध केलें. ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेंत लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्यानें लचका तोडल्यासारखे दिसत, म्हणून जुन्या युरोपीय वैद्यांनीं हें नांव दिलें. लांडग्याच्याच वंशजाला त्याच्याच नांवाचा रोग लागावा, हा योगायोग मोठा विचित्र!

नखांच्या रोगाला स्वतंत्र नांव मिळण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९९५ सालीं स्कॉट, रूसेल आणि मिलर यांनीं १९८९ ते १९९३ या काळांतील १८ कुत्र्यांची हकीकत छापली. नखाच्या मुळाशीं असलेल्या पेशींवर शरीराचेच सैनिक तुटून पडतात. मुळाची पकड सुटते, नख गळतें, आणि उघड्या जागीं जंतु शिरून पू होतो. कुत्रा एरवीं ठणठणीत असतो. फक्त नखें जातात, आणि तींही चारी पायांचीं. दगडांत अडकलेलें नख एक असतें. चारी पायांचीं नखें एकामागून एक दगडांत अडकत नाहींत. एवढी साधी गोष्ट मला अडीच महिने सुचली नाहीं.

निदानाची खात्री करावयाची तर पूर्वीं बोटाचें शेवटलें पेर कापून तपासावें लागे. बहुधा जमिनीला न टेकणारें वरचें बोट त्यासाठीं निवडीत. १९९९ सालीं म्यूलर आणि ऑलिव्ह्री यांनीं बोट न कापतां नखाच्या मुळाचा तुकडा काढण्याची रीत दाखविली. आतां अनेक वेळां लक्षणांवरूनच निदान करतात; मात्र बुरशी, जंतु, अन्नाची ॲलर्जी हीं आधीं तपासून पाहतात. नख अनेक कारणांनीं असेंच वागतें, हा एकच रोग नव्हे, असेंही कांहीं तज्ज्ञांचें मत आहे.

आतां औषधाकडे वळतों. माझें मन खरें तेथेंच रमलें. मोत्याला रोज दोन गोळ्या सुरू झाल्या, एक डॉक्सिसायक्लिनची आणि एक निकोटिनामाइडची. टेट्रासायक्लिन वर्गाचें औषध आणि निकोटिनामाइड यांची ही जोडी कुत्र्यांच्या ल्यूपससारख्या त्वचारोगांवर उपयोगी पडते, असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. यांतील निकोटिनामाइडची कथा मोठी आहे. अमेरिकेंत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नांवाचा रोग होई. तशाच निकस अन्नावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडे. हे दोन्ही रोग एकाच उणिवेचे, हें गोल्डबर्गर यांनीं ओळखलें. आणि १९३७ सालीं एल्व्हेजेम यांनीं निकोटिनिक आम्ल देऊन काळ्या जिभेचीं कुत्रीं बरीं केलीं. त्यावरून माणसांचा पेलाग्रा हटला. पुढें १९६० सालीं हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनीं आपल्या दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या मजुरांतील पेलाग्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जीवनसत्त्वाचा शोध कुत्र्यांनीं उपाशी राहून लावून दिला, तेंच आज मोत्याच्या पायांसाठीं गूळ लावून त्याच्या घशांत घालतों. दुसऱ्या गोळीच्या मुळाशीं ऑरिओमायसीन आहे. तें १९४८ सालीं जाहीर झालें, तेव्हां लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

तिसरें औषध मासळीचें तेल. आमचें घर शाकाहारी, म्हणून घरच्या जवसाचें तेल चालेल काय, असें मीं विचारलें. वऱ्हाडांत जवसाला काय तोटा? पण जवसांतील स्निग्ध द्रव्याचें रूपांतर कुत्र्याच्या शरीरांत फार थोडें होतें, असें कळलें. शेवटीं तेलाची बाटली न्हाणीघराच्या कोनाड्यांत गेली आणि घरचा धर्म राखला गेला!

ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं प्रथम जपावें तें वेदनेला. लोंबकळणारें नख घरीं ओढूं नये. पशुवैद्य गुंगी देऊन तें काढतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला विष ठरतात. पू झाल्यास त्याचें औषध निराळें. नवीं नखें वारंवार कापून, कानशीनें घासून आंखूड ठेवावीं, म्हणजे तीं चिरत नाहींत. नख हळू वाढतें, म्हणून तीन-चार महिने होईपर्यंत औषध फुकट गेलें असें म्हणूं नये. तरीही न भागल्यास प्रेडनिसोलोन किंवा सायक्लोस्पोरिन देतात. त्यांचे दुष्परिणाम आहेत, तेव्हां तें वैद्याच्या देखरेखीखालींच. औषध बंद केल्यावर रोग पुष्कळदां उलटतो. कांहीं जातींत तो रक्तांतून येतो. गॉर्डन सेटर कुत्र्यांत त्याचा संबंध संरक्षक शक्तीच्या जनुकांशीं असल्याचें २०१० सालीं दिसून आलें. मोत्याला पिल्लांसाठीं मागणी आली होती. आम्हीं ती नाकारली.

चौथ्या महिन्यांत त्याच्या उजव्या पायावर खडूसारखें पांढरट, वांकडें असें पहिलें नवें नख दिसलें. आज बहुतेक नखें आलीं आहेत. सुंदर एकही नाहीं. पहांटे तो फरशीवरून फिरूं लागला कीं टक् टक् असा आवाज येतो, आणि घरांतून हांक येते, “उठा, मोत्याच्या तेलाची वेळ झाली.”