तकली राहिली, हिशेब गेला

वर्धा शहर आणि सेवाग्राम यांच्यात जेमतेम काही किलोमीटरचं अंतर. मुलानं बाकावर बसून ऐकावं की हातानं काम करत स्वतः शोधावं, हा वाद याच टापूत थेट देशाच्या पातळीवर गेला.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. परिषदेनं नेमलेल्या झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याच डिसेंबरात अहवाल दिला. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला! मातृभाषेच्या वाट्याला 40 मिनिटं आली. हीच ‘नई तालीम’.

तीन तास सूत काततच बसायचं, तर शिकायचं कधी? उत्तर सुतातच होतं. चार फुटांचा एक तार, 160 तारांची लटी, 640 तारांची गुंडी. आज किती तार निघाले, कापूस किती वाया गेला, कालच्यापेक्षा वेग वाढला का, हे मुलानंच मोजायचं आणि वहीत मांडायचं. गुणाकार, सरासरी, टक्केवारी त्या ओघात येई. कापूस कुठल्या जमिनीत पिकतो हे विचारलं की भूगोल सुरू. विनोबांनी या जोडणीला ‘समवाय’ म्हटलं.

सेवाग्रामात याच पद्धतीनं चालणाऱ्या शाळेची धुरा आर्यनायकम् आणि आशादेवी या दाम्पत्यानं वाहिली. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. सफाई, स्वयंपाक, शेती ही कामं मुलं सांभाळत आणि त्यांचे हिशेबही ठेवत. पण म्हणून गुरुजी मोकळे नव्हते. उलट धडा आयता नसल्यानं मुलाच्या हातातल्या कामातून पुढचा प्रश्न हेरायचा, हे त्यांचं खरं कसब. मूल आपलं आपण शिकतं तेव्हा शिक्षकाचं काम कमी होतं, हा समज इथे टिकत नाही.

घोडं अडलं ते सरकारी शाळांत. तकल्या वाटणं सोपं होतं. तसे शिक्षक घडवणं अवघड. बऱ्याच ठिकाणी सूतकताई हा आणखी एक तास झाला, पुस्तकाशी नातं नसलेला. मुलांकडून नुसतं राबवून घेतलं जाईल, हा धोका खुद्द झाकीर हुसेन समितीनंच अहवालात नोंदवला होता. पालकांनाही पोरानं कारकून व्हावं असं वाटे, विणकर नव्हे. त्यांना दोष कसा द्यायचा?

1964-66 च्या कोठारी आयोगानं ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली. महाराष्ट्राच्या वेळापत्रकात तो विषय आला खरा, पण पुष्कळ शाळांत तो तास गणिताच्या बाईंनीच घेतला.

सेवाग्रामात 2005 साली ‘आनंद निकेतन’ या नावानं नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं आजही वाफे करतात, भाजी पिकवतात आणि त्यावरच गणित, विज्ञान शिकतात.