आनंदीबाई आणि गोपाळराव: मधले अंतर

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्या मंडळात कुणाला नवीन नाही. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, हे आपण मुलांनाही सांगतो. त्यांच्या संसाराबद्दल मात्र फारसे बोलत नाही.

कल्याणच्या यमूचे लग्न नवव्या वर्षी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने बरेच मोठे, पोस्टात नोकरीला. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि त्यापायी मारायलाही ते कमी करीत नसत. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. 1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय.

इतक्या दूर आल्यावर त्यांना एकटे वाटले असेल, असे आपण धरून चालतो. परंतु न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना मायेची माणसे मिळाली. खरा एकटेपणा आधीचा, एका छपराखालचा. इथून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात तो बाहेर पडला. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, खुर्च्या-पुस्तके फेकलीत, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत, असे सगळे त्यांनी मांडले आहे. हेतू पाहिला तर तुमचे वागणे बरोबर, पण कोवळ्या मनावरचा परिणाम पाहिला तर चूक, असा त्यांचा निवाडा. हिंदू बायकोला गप्प राहण्यावाचून गत्यंतर नसते, हेही त्यात आहे. समोर बसून हे बोलवले नव्हते. मध्ये समुद्र आला तेव्हा लिहवले. मला तर हे पत्र त्यांच्या पदवीइतकेच मोठे वाटते.

गोपाळरावांना नुसते खलनायक ठरवणे पटत नाही. त्या काळात बायकोला सातासमुद्रापार शिकायला धाडणारा दुसरा कोण होता? पण हट्ट वेगळा आणि सोबत वेगळी. पदवीदानाच्या आधी ते स्वतः अमेरिकेत आले, ते जागोजागी व्याख्याने देत, अमेरिकन समाजावर आणि मिशनऱ्यांवर तोंडसुख घेत. ज्यांनी आनंदीबाईंना आधार दिला, त्यांनाच ते लागत होते. इकडे आनंदीबाई क्षयाने खंगत चालल्या होत्या.

1886 च्या अखेरीस दोघे परतले. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या घराण्याच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड आहे. न्यूयॉर्क शहरातून मोटारीने दीड-दोन तासांची वाट आहे.